खाटेच्या उंचीचं वावर

त्या पानाला चव नसते. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला विचारायला नको. हिरवं असतं, कुरकुरीत असतं, दाताखाली आलं की पाणी होतं आणि संपतं. मी ते पान दोन वर्षं खाल्लं. पोळीत गुंडाळून खाल्लं, वरणात टाकून खाल्लं, आणि एकदा तर नुसतं मीठ लावून ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लं, कारण दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं. त्याला लेट्यूस म्हणतात. आमचे घरमालक काका त्याला 'सलाद' म्हणायचे, काकू त्याला 'बुढ्याचा पाला' म्हणायच्या, आणि गल्ली काहीच म्हणायची नाही. काका टोपलं घेऊन निघाले की गल्ली दार लावून घ्यायची.

परवा एका लग्नात जेवणाच्या टेबलावर काकडी-टमाट्याच्या ताटाखाली तीच पानं अंथरली होती. नुसती शोभेला. लोक वरची काकडी उचलत होते आणि पुढे सरकत होते. मी एक पान ओढून त्याचा देठ पाहिला. सुरीनं कापलेला होता. आमच्या घरी हे चाललं नसतं. आमच्या घरी ते पान हातानंच तोडावं लागायचं, आणि त्यापायी काय काय झालं ते आठवून मी त्या मांडवात ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मी नर्स आहे. तेव्हा रामाकोन्याच्या पुढच्या एका खेड्यात माझं उपकेंद्र होतं आणि राहायला मी सौसरला होते. सकाळची बस, संध्याकाळची बस, मधल्या वेळात लसी, गरोदर बाया, वजनकाटा, रजिस्टर. नवरा बैतूलला नोकरीवर. शनिवारी आला तर आला. परत आल्यावर मला कोणाशी बोलायची इच्छा नसायची. चप्पल काढून पायरीवर पाच मिनिटं बसायचं, एवढंच सुख. आणि नेमके त्याच पाच मिनिटांत काका समोर येऊन उभे राहायचे.

काका नगरपालिकेतून रिटायर झालेले. जन्मभर त्यांनी एकच काम केलं: गावाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी व्हॉल असतो, त्यात लांब चावी घालून फिरवायची. या मोहल्ल्याचा उघडायचा, त्या मोहल्ल्याचा बंद करायचा. सगळे त्यांना व्हॉलवाले काका म्हणायचे. रिटायर झाल्यावर चावी परत केली, सवय मात्र घरी घेऊन आले.

मी खोली पाहायला गेले तेव्हा बाकीचे घरमालक विचारतात तसं त्यांनी गाव विचारलं नाही, समाज विचारला नाही. बैठकीत बुद्धाचा फोटो, त्याच्याशेजारी खुंटीवर काकांच्या निरोपसमारंभाचा वाळलेला हार. काका दाराच्या चौकटीला कान लावून उभे. कान काढून म्हणाले, "सकाळी साहाले घरी रायता का?"

"रायते न. बस साडेसातची हाय."

"मंग खोली तुमची. पाण्याच्या टायमाले जो घरी नाई, त्या माणसाचा काई भरोसा नाई."

माणसं ते व्हॉलवरून ओळखायचे. टाकीजवळच्या व्हॉलवरचे लोक भांडखोर, मधल्या व्हॉलवरचे हिशेबी, आणि शेवटच्या व्हॉलवरचे शांत, कारण त्यांना वाट पाहायची सवय. कोणाच्या पोरीसाठी स्थळ आलं की आधी विचारायचे, "कोन्या व्हॉलवरचा हाय पोरगा?" स्वतः काकूंचं माहेर मोहगावकडच्या एका खेड्यात, जिथे तेव्हा नळच नव्हता, विहीर होती. "म्हणून हिचा स्वभाव समजाले मले तीस वर्षं लागले," काका म्हणायचे. काकू आतून म्हणायच्या, "अजून बी नाई समजला."

कान लावायची त्यांना खोडच होती. पाईपमधलं पाणी कुठवर आलं, कुठे गळतं, हे ते कानानं सांगायचे. माझ्या मोरीच्या नळाला कान लावायचे, भिंतीला लावायचे, एकदा माझ्या कुकरला लावून म्हणाले, "वायसर गेलं सिस्टर." गेलेलं होतंच. आणि पाणी आलं की हात वर करून गल्लीभर ओरडायचे, "सुटलं वो!" नोकरीत असताना ओरडायचे ते ठीक. रिटायर झाल्यावर कायले? पण रोज सहाला ओरडायचेच. माझा गजर तोच होता. रविवारीसुद्धा, बाप्पा.

काकूंचं सांगायचं तर त्या जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला. निंदण केलं, संत्री तोडली, पण नाव होतं ते कापूस वेचण्यात. दोन्ही हातांनी वेचायच्या. बाकीच्या बाया एक तास, म्हणजे कपाशीची एक ओळ, धरत, काकू दोन तासांच्या मधून चालत आणि दोन्ही बाजू साफ करत जात. स्वतःचं वावर कधी नव्हतं, ना काकांच्या घरी, ना त्यांच्या.

मी राहायला येण्याच्या आधीच त्यांना लकवा मारला होता. पाय ओढत मोरीपर्यंत जाता यायचं. जीभ जड झाली होती, धार तेवढीच होती. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, मूठ मिटलेली. नागपूरच्या डॉक्टरांनी व्यायाम दाखवले होते, दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो चेंडू काकूंनी डाव्या हातानं खिडकीतून अंगणात फेकला. "लेकरू हाओ का मी, चेंडू खेळाले?"

खरी पंचाईत जेवणाची होती. डाव्या हातानं जेवणार नाही म्हणजे नाही, हा काकूंचा हट्ट. मग काका भरवायचे. भाकर दुधात कुस्करून, फुंकर मारून, मोठ्या मायेनं भरवायचे, आणि काकू तिसऱ्या घासाला तोंड फिरवायच्या. "भूक नाई." भूक होती. भरवून घ्यायची लाज होती. एकदा मी डॉक्टरी सुरात दोन शब्द सांगायला गेले तर म्हणाल्या, "सिस्टर, जिनं दहा बायाईच्या बरोबरीनं काम केलं तिच्या तोंडात बुढा घास कोंबून राहिला. गिळवत नाई वो." ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. मी दिवसभर लोकांची वजनं घेणारी बाई. मला काय दिसत नव्हतं? हात चालला नाही तर ही बाई ताटासमोर बसून उपाशी मरणार होती. काकांनाही ते दिसत होतं.

तो दिवस लसीकरणाचा होता. सकाळपासून चाळीस लेकरं रडवून मी परत आले होते, डोकं ठणकत होतं. चप्पल काढली, बसले, आणि काका आले.

"सिस्टर, हिच्या हाताचं काय करा लागते?"

"रोज शंभर डाव मूठ उघडाले-मिटाले लावा," मी म्हणाले, आत गेले आणि कडी लावली.

शंभर का? मला काय माहीत. हातापायाच्या व्यायामातली मी कोणी जाणकार नाही. पन्नास म्हटलं असतं, तीस म्हटलं असतं, तोंडात आला तो आकडा. मला फक्त ते समोरून जायला हवे होते. कडीच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, "शंभर. बरं."

तीन दिवसांनी घरात पाईप आले.

मी विचारलं, हे काय. काकांनी मला खोलीत नेलं आणि काकूंसमोरच समजावून सांगितलं, जसं काही काकू तिथे नव्हत्याच. "पाहा सिस्टर, वेचणं म्हणजे काय? मूठ उघडणं अन् मिटणं. हिनं जन्मभर तेच केलं. चेंडू हिले जमत नाई, वेचणं जमन. पण कापूस रोज नसते. हे पान असते. खालचं तोडलं का मधून नवं येते. रोज शंभर."

"मंग अंगणात मेथी लावा न काका."

"मातीतलं मले समजत नाई. मातीतलं हिले समजते. मले पाण्यातलं समजते." आणि खाटेकडे बोट दाखवलं. "अन् अंगणात वाकाव लागते. इथी खाटेच्या उंचीवर वावर आणून देतो तिले. तिचं सोताचं वावर."

"माती नाई, त वावर कायचं?" काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मोबाईलवर काकांनी कोणा शहरातल्या माणसाला बंद खोलीत असं पीक घेताना पाहिलं होतं. तसंच केलं. खाटेला लागून लाकडी घोडी, त्यावर चार जाड पाईप आडवे. पाईपांना वरून भोकं, भोकांत प्लास्टिकचे चहाचे कप, कपांच्या बुडाला तापल्या खिळ्यानं छिद्रं. कपात नारळाचा भुसा, भुशात कुरिअरनं मागवलेलं बी. खाली बादलीत खत घातलेलं पाणी आणि कूलरचा पंप, तो पाणी वर चढवणार, पाणी मुळांखालून वाहत परत बादलीत येणार. उन्हाऐवजी वर पांढऱ्या ट्यूबलाईट. आणि पहिल्या पाईपच्या तोंडाशी एक पितळी व्हॉल. व्हिडिओतल्या माणसाकडे व्हॉल नव्हता. पण व्हॉलशिवाय पाणी, हे काकांना कसं सहन होणार?

पहिलं पीक काकांनी शिस्तीनं मारलं. ते पाणी चोवीस तास वाहतं ठेवायचं असतं. काकांनी वेळ बांधून दिली. सकाळी सहा ते सात, संध्याकाळी पाच ते सहा. पाईपला कान लावायचे, व्हॉल पाव-पाव फिरवून उघडायचे, "सुटलं वो!" म्हणून त्या इवल्या रोपांना सांगायचे, आणि तासानं बंद. मी म्हटलं, काका, ते दिवसभर चालू ठेवायला सांगतात. तर माझ्याकडे असे पाहिले की जशी मी लसीची वापरलेली सुई परत वापरली. "दिवसभर? कोन्या गावात पाह्यलं तुमी दिवसभर पाणी?"

दुसरी अडचण ते फिरून येणारं पाणी. "वापरलेलं पाणी पुन्हा लाईनीत? नोकरी गेली असती माही." म्हणून रोज बादली अंगणात ओतायची, नवीन भरायची. खताचं पाणी पिऊन अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं आणि आत रोपं माना टाकून पडली. काकू खाटेवरून पाहत होत्या. पंधरवड्यात त्या स्वतःहून एकच वाक्य बोलल्या. "अवो, पाणी सोडा त्याईले. ते काय वार्ड नंबर सात हाय?"

मग काकांनी व्हॉल उघडा ठेवला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. उठायचे, व्हॉलपाशी जायचे, हात मागे बांधून परत यायचे. शेवटी त्यांनी तोड काढली: सकाळी सहाला एक मिनिट बंद करायचा आणि परत उघडायचा. "सुटलं वो!" तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

दुसरं पीक आलं, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर आलं. पोपटी, झालरीसारखी पानं, चार पाईपभर. खोलीत पाण्याची बारीक खळखळ. उपकेंद्रातून आल्यावर मी मुद्दाम दोन मिनिटं त्या दारात उभी राहायची. काकांनी टोपलं आणलं, काकूंच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"वेच न वो."

"नाई वेचत."

"काऊन?"

"असंच."

हे किती महिने चाललं म्हणून सांगू? रोज सकाळी टोपलं, रोज "वेच न वो," रोज "असंच." काकू भिंतीकडे तोंड करायच्या आणि काका स्वतः शंभर पानं तोडायचे. मोजून. न तोडता कसं चालेल, आकडा ठरला होता न. शंभर पानांचं करायचं काय? गल्लीत वाटली. एकीनं भजी केली, भज्यात नुसतं बेसनच लागलं. एका घरच्या शेळीनं हुंगून सोडून दिली, आणि त्या शेळीनं एकदा माझी ओढणी खाल्ली होती. मग माझा डबा. माझ्या उपकेंद्रातल्या बाया विचारायच्या, सिस्टर, डॉक्टरनं सांगितलं काय हे खायाले? मी हाव म्हणायची. एवढी सगळी कथा सांगायची ताकद कोणात होती.

उन्हाळ्यात तर तमाशाच. सौसरचा मे महिना आणि हे थंडीचं पान. एकदम उंच दांडा काढला आणि असं कडू झालं की जिभेवरून जाईना. काका पाण्याच्या बाटल्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये गोठवून आणायचे आणि बादलीत सोडायचे. दुपारभर हेच, उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. दरम्यान काकूंचं जेवण दीड घासावर आलं होतं. एका संध्याकाळी मी पायरीवर बसले तर काका समोर उभे न राहता शेजारी बसले. असं कधी झालं नव्हतं.

"थकलो सिस्टर," ते म्हणाले. "शंभर होऊन नाई राहिले."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. काका, तो आकडा माझ्या तोंडातून उगाच निघाला होता, सोडा त्याला. माझ्या जिभेवर होतं, देवाशप्पथ. पण मग ते विचारतील, शंभर नाई त किती? आणि ते मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. नवीन पीक परत नीट आलं होतं. काका बाजारात गेलेले. मी उद्याच्या डब्यासाठी पानं तोडायला खोलीत गेले तर टोपलं सापडेना. म्हणून ओढणी कमरेला गुंडाळली, पुढे झोळीसारखी सोडली, मागे गाठ मारली आणि तोडायला लागले. चार पानं टाकली नसतील, गाठ सुटली आणि सगळं जमिनीवर.

"अशी नाई बांधत!"

काकू कोपरावर उठल्या होत्या.

"कशी बांधतात मंग?"

"ओटी हाय का ते? गाठ मांगं कोन मारते? डाव्या कुशीवर. अन् तोंड मोठं ठेवाव लागते, बेंबीच्या खाली, न पाहता हात गेला पायजे त्याच्यात. हे काय, लेकरू बांधलं का पोटाले?"

मी परत बांधली. मुद्दाम नाही, खरंच जमेना, परत चुकली. काकूंना ते बघवेना. आयुष्यभर जे काम उत्तम केलं ते कोणी समोर बसून नासवत असलं की कसं होतं तसं त्यांचं झालं. "ठेवा, ठेवा. ते पेटीवरचं जुनं लुगडं आणा. बांधा माह्या कमरेले. दाखवते."

मी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. लुगड्याचा तुकडा त्या सांगतील तसा बांधला. घट्ट. सैल. अजून खाली. डाव्या हातानं त्यांनी ओटीचं तोंड ताणून पाहिलं आणि मान हलवली. मग डावा हात पाईपकडे गेला. खालचं पान मोडलं, तळव्यात धरलं, दुसरं मोडलं, तिसरं, मूठ भरली तशी हात न पाहता ओटीत उतरला. "हे असं," त्या म्हणाल्या. डावा ओटीत होता तेव्हा उजवा निघाला.

त्या हाताकडे पाहतच नव्हत्या. त्यांचं लक्ष पानावर होतं. एक हात ओटीत असताना दुसरा झाडावर असतो, एवढंच त्या हाताला आठवलं असावं. तो घसरत, ओढत पाईपपर्यंत गेला, बोटं कपावर अडकली, पान अर्धं फाटलं. अर्धं मुठीत आलं. हात ओटीवर आला आणि मूठ उघडेना. डाव्या हातानं तिच्यावर एक चापट मारली. "सोड न वो," काकू त्या हाताला म्हणाल्या. मूठ उघडली. अर्धं पान ओटीत पडलं.

"एक," दारातून आवाज आला. काका पिशवी घेऊन उभे होते.

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. इतके महिने आम्ही दोघं टोपलं पुढे करत होतो आणि एकदाही नीट विचारलं नाही. आता विचारलं तर काकू म्हणाल्या, "टोपल्यात कोन वेचते? टोपलं घेऊन मालकीणबाई बसते वावराच्या धुऱ्यावर, सावलीत. वेचणारीले ओटी लागते."

काका पिशवीसकट खाली बसले. "अन् म्या येडा हिले मालकीण कराले निघालो होतो," ते म्हणाले, आणि पाईपला कान लावून बसून राहिले. काही ऐकत नव्हते. तोंड लपवत होते.

त्या दिवशी उजव्या हाताची सहा पानं झाली. शंभर व्हायला थंडी उजाडली. मध्ये पुष्कळ वाईट दिवस गेले. मूठ लाकडासारखी व्हायची, काकू कप उपटून फेकायच्या, काका खोलीभर भुसा गोळा करत हिंडायचे. पण सकाळी ओटी बांधली जायची. काकूच ओरडायच्या, "अवो, बांधता का नाई? ऊन चढलं." खोलीत ऊन येत नव्हतं.

बाहेर कापसाचा हंगाम लागला त्या सुमाराची गोष्ट. काकूंनी एका दुपारी ताट स्वतःसमोर ठेवून घेतलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. आणि आम्हाला दोघांना म्हणाल्या, "जा बाहेर. जेवताना पाहू नोका."

आम्ही ओसरीवर आलो. दार लोटलेलं. काकांनी भिंतीला कान लावला, डोळे मिटले, आणि उभे राहिले. पुष्कळ वेळ काहीच नाही. मग ताट सरकल्याचा आवाज मलाही आला. काहीतरी पडल्याचा आला. काकू स्वतःशीच एक शिवी देऊन बोलल्या तेही आलं. मग परत शांत. काकांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. उजव्या हातातल्या बांगड्या ताटाच्या काठावर वाजल्या, थोडं थांबून परत वाजल्या, आणि परत.

"सुटलं," काका म्हणाले. ओरडले नाहीत. आतल्या बाईला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाले.

तासाभरानं आत गेलो तर अर्धी भाकर पदरावर, खाटेवर, जमिनीवर. अर्धी पोटात. काकूंनी हात पुढे केला, भाजीनं बरबटलेला. "धुऊन द्या. अन् उद्या भाकर जरा नरम करजा."

पुढच्या वर्षी माझी बदली पांढुर्ण्याकडे झाली. सामान टेम्पोत घालताना काकांनी विचारलं, नवीन खोली कोन्या व्हॉलवर हाय. मी म्हटलं, शेवटच्या. "मंग चांगले लोक भेटतीन," ते म्हणाले आणि पानांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ती मी रस्त्यात बोरगावच्या पुढे एका गाईला घातली. तिनं खाल्ली.

मग जाणं झालं नाही. पन्नास किलोमीटर काही फार नसतात, पण माणूस थकलेला असला की फार असतात. वर्षभरानं फोन आला, काका पडले, हात मोडला. रविवार होता, गेले. काका माझ्या जुन्या पायरीवर बसले होते, उजवा हात पलास्तरात, गळ्यात झोळी.

"कसे पडले काका?"

"पाण्यात घसरलो. खोलीतच. पाईप गळत होता." त्यांनी डाव्या हातानं कान चोळला. "म्या ऐकलंच नाई सिस्टर. कान गेले आता."

मी चप्पल काढून शेजारी बसले. आणि का कोण जाणे, त्याच वेळी सांगून टाकलं. "काका, ते शंभर. ते मी उगाच बोलली होती. थकली होती, तुमी जावं म्हणून बोलली. मले काईच मालूम नव्हतं."

"मले मालूम होतं," काका म्हणाले. "तुमी कडी लावाच्या घाईत होत्या. मले दिसलं न."

"मंग?"

"मंग काय? मले आकडा पायजे होता. साहेब म्हणे साहाले सोड, मी साहाले सोडो. साहालेच काऊन, हे म्या कधी इचारलं नाई. नागपूरचा डॉक्टर म्हणे, जमन तेवढं करा. जमन तेवढं मतलब किती? जमन तेवढ्यात माणूस बसून रायते." त्यांनी पलास्तर मांडीवर नीट ठेवलं. "तुमी शंभर म्हणल्या, बरं झालं."

आतून हाक आली, "जेवाले येता का? का तिथीच आणू?"

खोलीत पाईप होते, पानं होती, पंप खळखळत होता. काकू खाटेच्या कडेला बसल्या होत्या, कमरेला ओटी, पुढ्यात ताट. पूर्वीपेक्षा अंगानं भरल्या होत्या. काका त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. काकूंनी उजव्या हातानं घास केला. भात गळत होता, पण घास होत होता. घासाभोवती त्यांनी एक पान गुंडाळलं.

"तोंड उघडा."

"हा पाला मले नाई आवडत," काका म्हणाले. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"मले बी नाई आवडत. उघडा. मोठ्ठं."

काकांनी उघडलं. अर्धा घास तोंडात गेला, अर्धा सदऱ्यावर. काकूंनी सदऱ्यावरची शितं वेचून तीही त्यांच्याच तोंडात घातली. मग माझ्याकडे वळल्या.

"सिस्टर, पलास्तर निघाल्यावर ह्याचा हात अकडन न? मूठ किती डाव उघडाले लावू?"

मी नीट सांगणार होते. डॉक्टरला विचारा, हाड कसं जुळलं ते पाहून तो सांगेल, तोवर घाई करू नका. तोंड उघडलंही होतं. काकांच्या तोंडात पान होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसते माझ्याकडे पाहत होते.

"शंभर," मी म्हणाले.

"शंभर. बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा घास उचलला.